हे ते नव्हे

2020च्या सुमारास भटिंड्याच्या पंजाब केंद्रीय विद्यापीठातून एक बातमी आली. भारताच्या किनाऱ्यावर लाल समुद्रशेवाळाच्या दोन नव्या प्रजाती सापडल्या होत्या. शोधणाऱ्यांत फेलिक्स बास्ट हे तिथले शैवालतज्ज्ञ होते. एकीचं नाव ठेवलं हिप्निया इंडिका, दुसरीचं हिप्निया बुलाटा; अंगावर फोड आल्यासारखे उंचवटे असतात म्हणून बुलाटा. पहिली कन्याकुमारीला आणि गुजरातेत सोमनाथ पाटण व शिवराजपूरला मिळाली, दुसरी कन्याकुमारीला आणि दीवला. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या भटिंड्यात बसून समुद्रशेवाळावर काम चालतं, ही त्यातली गंमत. पण मी थबकलो ते ठिकाणांची नावं वाचून. कन्याकुमारी, सोमनाथ! जिथे देशभरची माणसं येऊन पाय भिजवून जातात ते किनारे. शेवाळही कुठे खोल पाण्यात लपलेलं नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला धरून वाढणारं, ओहोटी लागली की उघडं पडणारं. ते आजवर कोणाच्या नजरेला पडलंच नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. मग ते 'नवं' कोणत्या अर्थाने?

नवी प्रजाती सापडली म्हणजे कोणालाच न दिसलेलं काहीतरी दिसलं, अशी आपली समजूत असते. घाटातल्या एखाद्या बेडकाच्या बाबतीत ती खरीही ठरते. लाल शेवाळात ती फार क्वचित लागू पडते. इथे नवं म्हणायचा अर्थ एवढाच, की आजवर ज्यांना ज्यांना नाव दिलं गेलं त्यांपैकी हे कोणीही नाही. हे नकाराचं विधान आहे. उपनिषदांनी 'नेति नेति' ब्रह्मासाठी राखून ठेवलं होतं. इथे ते वीतभर शेवाळाला लावायचं. आणि नकार हा होकारापेक्षा नेहमीच महाग पडतो. 'हा अमुक' म्हणायला एकाची ओळख पुरते, 'हा ह्यांतला कोणीच नाही' म्हणायला सगळ्यांची लागते. हिप्निया ह्या वंशात तेव्हा 61 प्रजाती धरल्या जात होत्या आणि त्यांतल्या 10 भारतातून नोंदलेल्या होत्या. म्हणजे एकेकीपाशी जाऊन, ही ती नव्हे, असं म्हणायचं. कशाच्या बळावर?

डोळ्यांच्या बळावर तर नाहीच. लाल शेवाळ लाल असतं हेच मुळात अर्धसत्य. फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य पाण्यात खोलवर पोचणारा हिरवा-निळा उजेड टिपतं, म्हणून ते शेवाळ आपल्याला लाल दिसतं. पण उघड्या खडकावर ऊन खाल्लं की हे रंगद्रव्य विरतं आणि तेच शेवाळ हिरवट, पिवळट, मातकट होऊन बसतं. हिप्निया तर ह्या बाबतीत अट्टल आहे. सावलीच्या कपारीत जांभळट लाल, दोन हातांवर उन्हात पिवळी. आकाराचंही तसंच. लाटांच्या माऱ्यात वाढलं तर ठेंगणं आणि चिवट, निवांत डबक्यात वाढलं तर लांब आणि मऊ. माणसाने अशा गोष्टीला रूपावरून नाव द्यायचं म्हटलं की तो दोन तऱ्हेने फसतो, आणि लाल शेवाळाचा इतिहास ह्या दोन्ही फसगतींनी भरलेला आहे.

पहिली फसगत म्हणजे एकालाच दोन समजणं. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या खडकांवर पोर्फिराचे पातळ, जांभळट पापुद्रे उगवतात. समुद्र खवळलेला असताना हे दिसतात आणि पाऊस सरला की नाहीसे होतात. जातात कुठे? जपानात ह्याच गोत्रातल्या शेवाळापासून नोरी करतात, पण त्याचं बी येतं कुठून हे तिथल्या कोळ्यांनाही ठाऊक नव्हतं. पीक यायचं तेव्हा यायचं. 1949 मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. शिंपल्यांच्या कवचात घुसून वाढणारं गुलाबी तंतूंचं एक शेवाळ काँकोसेलिस ह्या वेगळ्या नावाने ओळखलं जात होतं. ते वेगळं नव्हतंच, ती पोर्फिराचीच आयुष्यातली दुसरी अवस्था होती. ह्या एका ओळखीवर जपानातली नोरीची शेती उभी राहिली. बाई जपानला कधी गेल्या नाहीत, तरी आरियाके समुद्राकाठी उतो गावात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे त्यांच्या नावाने सोहळा होतो. पापुद्रा आणि तंतू शेजारी ठेवले तर त्यांना एक प्रजाती काय, एक कुळ म्हणायलाही कोणी धजणार नाही. फाल्केनबर्गिया नावाचे गुलाबी कापसासारखे पुंजकेही असेच. ते पिसासारख्या दिसणाऱ्या अस्पारागॉप्सिसचं दुसरं रूप निघाले.

दुसरी फसगत उलटी, अनेकांना एक समजण्याची. तिच्याकडे पुढे येतो, कारण ती उघडकीला यायला डीएनएच लागलं. त्याआधी माणसांनी डोळ्यांवरचा भरवसा सोडून ब्लेड हातात घेतलं होतं.

हे काम आजही हातानेच चालतं. शेवाळाचा तंतू घ्यायचा, दाढीच्या ब्लेडने त्याचे जमतील तितके पातळ आडवे काप काढायचे, ॲनिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगात बुडवायचे आणि काचपट्टीवर मक्याच्या साखरेच्या पाकात बसवायचे. अमेरिकेत किराणा दुकानात बाटलीतून मिळतो तो साधा कॉर्न सिरप. शैवालतज्ज्ञांच्या टेबलावर तो अनेक वर्षं ठाण मांडून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हिप्नियाचा काप पाहिला की मधोमध एक पेशी दिसते, ती अक्षाची. तिच्याभोवती मोठ्या, बिनरंगी पेशींचा घेर आणि कडेला बारीक, रंगीत पेशींची किनार. काही प्रजातींत आतल्या पेशींच्या भिंती मध्येच भिंगासारख्या फुगलेल्या असतात, काहींत नसतात. आखूड फांद्या जिथे सुजल्यासारख्या दिसतात तिथे बीजाणू असतात, चार-चारांच्या गटात. हिप्नियात हे चार एकावर एक रचलेले असतात. दुसऱ्या लाल शेवाळांत ते फुलीसारखे किंवा चौफळी चिकटलेले मिळतील. काप जाड निघाला तर ह्यातलं काहीच कळत नाही, नुसता निळा डाग दिसतो.

पण शरीररचनेतला सगळ्यात वजनदार पुरावा मादीकडे असतो. लाल शेवाळाच्या नरपेशीला शेपूट नसते, तिला पोहता येत नाही. लाट नेईल तिकडे ती जाते. (फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये दाखवलं, की शेवाळात हिंडणारा आयडोटिया नावाचा बारका कवचधारी किडा ह्या पेशी अंगाला लावून मादीपर्यंत पोचवतो. समुद्रात मधमाशीचं काम होतं हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.) मादीची पेशी एक लांब केस बाहेर काढून बसते, त्या केसाला नरपेशी चिकटते आणि फलन होतं. पुढचं खरं विलक्षण. फलित पेशी सुटून जात नाही. आईच्या अंगावरच तिच्यापासून एक तिसरीच पिढी वाढते, आईच्या पेशींशी सांधा जुळवून तिचंच अन्न खाते आणि मग बीजाणू सोडते. हा सांधा कुठल्या पेशीशी आणि कोणत्या वाटेने जुळतो, ती पेशी फलनाच्या आधी तयार होते की नंतर, ह्यात गटागटांत फरक असतो. जर्मनीच्या फ्रीडरिख श्मिट्झने 1883 मध्ये हे उलगडलं आणि स्वीडनच्या हाराल्ड क्यूलिनने आयुष्यभर त्याच धाग्याने लाल शेवाळांची वर्गवारी विणली. त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1956 मध्ये निघाला आणि पुढे कित्येक वर्षं तोच ह्या शास्त्राचा पाया राहिला. बाहेरच्या रंगारूपाला विचारलं तर थापा मिळतात, गर्भाशयाला विचारलं तर कुळ कळतं, असा हा प्रकार.

अडचण उघड आहे. साक्ष द्यायला मादीच हवी, तीही फलन झालेली, नेमक्या दिवसांतली. हिप्नियाचे नर, मादी आणि चार-चार बीजाणू देणारी पिढी ही तिन्ही झाडं बाहेरून सारखीच दिसतात. किनाऱ्यावरून पिशवी भरून आणली तरी आत काय आहे हे ब्लेड चालवेपर्यंत कळत नाही, आणि बऱ्याचदा पिशवीभर शेवाळात उपयोगाची मादी एकही निघत नाही. शिवाय शरीररचना कुळापर्यंत आणि वंशापर्यंत बिनचूक नेते, पण एकाच वंशातल्या दोन सख्ख्या शेजाऱ्यांत तिचा आवाज बारीक होतो.

तिथे डीएनए. गंमत अशी, की त्याची तयारी किनाऱ्यावरच करावी लागते आणि ती शरीररचनेच्या तयारीशी फटकून असते. कापांसाठी शेवाळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं की पेशी शाबूत राहतात, पण डीएनए खराब होतं. डीएनएसाठी तुकडा सिलिका जेलमध्ये कोरडा ठणठणीत करावा लागतो, मग पेशींची रया जाते. म्हणून एकाच झाडाचे तीन वाटे करायचे: एक फॉर्मॅलिनला, एक सिलिका जेलला आणि उरलेलं झाड कागदावर पसरून दाबून वाळवायला. तिन्हींवर क्रमांक एकच. हा क्रमांक चुकला तर पुढचं सगळं शहाणपण वाया. प्रयोगशाळेतही सुख नाही. चायना ग्रास ज्या चिकट द्रव्यामुळे दूध थिजवतं तसलीच द्रव्यं लाल शेवाळाच्या भिंतींत असतात. हिप्नियातलं कॅराजीनन आइस्क्रीमवाल्यांना प्रिय असलं तरी डीएनए वेगळं काढताना तेच गोंदासारखं मध्ये येतं. त्यातून शेवाळाच्या अंगावर दुसरं बारीक शेवाळ वाढलेलं असेल, तर चुकून त्याचंच डीएनए वाचलं जातं.

हे सगळं निस्तरलं की अक्षरं मिळतात. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या गॅरी साँडर्स यांनी 2005 मध्ये दाखवून दिलं, की पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या एका जनुकाचा जेमतेम 664 अक्षरांचा तुकडा लाल शेवाळांच्या प्रजाती निवडायला पुरतो. जोडीला हरितलवकातलं आरबीसीएल हे जनुक वाचतात; ते ह्याच्या दुपटीहून लांब आणि सावकाश बदलणारं, म्हणून दूरची नाती सांगणारं. एका प्रजातीच्या झाडांत अक्षरांचा फरक अगदी थोडा असतो, दोन प्रजातींत एकदम जास्त, आणि मध्ये मोकळी जागा. ती जागा दिसली की दोन प्रजाती म्हणायच्या. किती अक्षरांचा फरक पुरे, ह्याचा आकडा मात्र कोणी ठरवून दिलेला नाही. तो प्रत्येक वंशात त्या वंशाच्या शेजाऱ्यांकडे पाहूनच ठरवावा लागतो.

आता ती दुसरी फसगत. फिलिपिन्सच्या बेटांवर पोर्टिएरिया हॉर्नेमानी ह्या एका नावाने ओळखलं जाणारं लाल शेवाळ आहे. 2013 मध्ये त्याच्या अनेक ठिकाणच्या नमुन्यांचं डीएनए वाचलं तेव्हा त्या एका नावाखाली 21 प्रजाती निघाल्या, बऱ्याचशा एखाद्या लहानशा भागापुरत्याच. अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, वा, 20 नव्या प्रजाती मिळाल्या! पण जरा थांबावं. डीएनएने सांगितलं ते एवढंच, की हे 21 जण एकमेकांपासून वेगळे आहेत. त्यांच्यातला खरा हॉर्नेमानी कोण? तो ठरल्याशिवाय बाकीच्यांना नवे म्हणता येत नाही. 'वेगळं' आणि 'नवं' ह्यांतलं हे अंतर बातमीत मावत नाही, पण शास्त्रज्ञाची खरी हमाली तिथेच आहे.

कारण नाव हे जिवंत शेवाळाला चिकटलेलं नसतं, ते एका वाळलेल्या कागदाला चिकटलेलं असतं. नाव देणाऱ्याने जो नमुना समोर ठेवून नाव दिलं तो त्या नावाचा आधार, त्याला मूळ नमुना म्हणू. आपल्या किनाऱ्यावरच्या हिप्नियांना वर्षानुवर्षं लावलेली दोन नावं पाहा. हिप्निया मुस्किफॉर्मिस, टोकाशी आकडे असलेली. हे नाव वुल्फेनने 1791 मध्ये आड्रियाटिक समुद्राकाठच्या ट्रिएस्टच्या शेवाळाला दिलं. हिप्निया व्हॅलेंटी हे नाव टर्नरने 1809 मध्ये लाल समुद्रातल्या शेवाळाला दिलं, ते लॉर्ड व्हॅलेंशिया ह्या प्रवाशावरून. हा गृहस्थ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यालाही येऊन गेला होता, पण त्याच्या नावाचं शेवाळ त्याने इथून नेलं नव्हतं. थोडक्यात, ट्रिएस्टचं नाव कोकणातल्या खडकावर चालत आलं ते रूपसाम्याच्या भरवशावर. ब्राझीलमध्ये हाच भरवसा उलटला. तिथे कॅराजीननसाठी वापरल्या जाणाऱ्या शेवाळाला सगळे मुस्किफॉर्मिस म्हणत. डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर 2015 मध्ये त्याला हिप्निया स्यूडोमुस्किफॉर्मिस हे वेगळं नाव द्यावं लागलं. आता एखाद्या संगणकी भांडारात 'मुस्किफॉर्मिस' म्हणून कोणी ब्राझीलच्या शेवाळाची अक्षरं पूर्वीच भरून ठेवली असतील, तर त्यांच्याशी आपला नमुना ताडून काय मिळणार? डीएनए खोटं बोलत नाही, त्याच्यावरची चिठ्ठी बोलते.

म्हणून जुन्या कागदांकडे जाणं चुकत नाही. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरची लाल शेवाळं पहिल्यांदा नीट अभ्यासली ती डेन्मार्कच्या फ्रेडरिक बॉर्गेसेनने. 1927-28 मध्ये तो भारतात येऊन गेला आणि 1931 ते 1934 मध्ये त्याने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात ह्या शेवाळांवर लेखमाला लिहिली. त्याचे नमुने कोपनहेगनला आहेत. उद्या रत्नागिरीच्या खडकावर कोणाला नवं लाल शेवाळ सापडलं, तर ते नवं आहे की नाही ह्याचा निकाल कदाचित कोपनहेगनच्या कपाटात निघेल. कुठल्या नावाचा कागद कोणत्या कपाटात, हे शोधायला पॉल सिल्वा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हिंदी महासागराच्या शेवाळांची सूची केली. ती 1,259 पानांची आहे. वर्णनं नाहीत, चित्रं नाहीत, बहुतेक सगळी नावं, त्यांच्या जन्मकथा आणि त्यांच्या चुका. मला विचाराल तर ह्या विषयातलं खरं वैराग्य त्या पुस्तकात आहे.

कागद मिळाला की पुन्हा तोच प्रश्न, त्याच्याशी बोलायचं कसं? इथे ब्लेड कामी येतं. शंभर वर्षं वाळलेल्या शेवाळाचा लहानसा तुकडा पाण्यात टाकला की तो फुगतो, पेशी पुन्हा गोलावतात आणि काप घेता येतात. डीएनए वाचण्याची सोय नव्हती त्या काळच्या माणसांशी आपलं बोलणं होतं ते ह्या कापांतून. अलीकडे जुना कागदही थोडंफार डीएनए देऊ लागला आहे. 2001 मध्ये ह्यूई, सिल्वा आणि हॉमरसँड ह्यांनी पॅसिफिकमधल्या एका लाल कुळाच्या मूळ नमुन्यांतून डीएनए काढून कोणतं नाव कोणाचं हे सोडवलं. पण जुनं डीएनए तुकडे तुकडे झालेलं असतं, आणि एकुलत्या एक मूळ नमुन्याचा तुकडा तोडायला कपाटाचा रखवालदार सहजी राजी होत नाही, हेही रास्तच. त्यामुळे दोन्ही साक्षी लागतात आणि त्या एकमेकींची री ओढत नाहीत. डीएनए आजच्या जिवंत शेवाळांत भिंती घालतं. त्या भिंतींपलीकडे कपाटातली कोणती नावं राहतात, हे बहुतांशी शरीररचनाच सांगते. नियमही असाच जुन्या वळणाचा आहे. नवं नाव द्यायचं तर नमुना कपाटात ठेवावाच लागतो, नुसती अक्षरमाला मूळ नमुना म्हणून चालत नाही. 2011 संपेपर्यंत तर वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागे.

आणि एवढं करूनही निकाल कायमचा नसतो. जमीन घेताना वकील पेपरात जाहीर नोटीस देतो, कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवा म्हणून. नव्या प्रजातीचं प्रकाशन ही तशीच नोटीस, फक्त तिला मुदत नसते. दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी हेच शेवाळ वर्णन करून गेला होता असं कधीही निघालं, तर जुनं नाव चालतं आणि नवं मागे सरतं.

हवाईच्या वायव्येला पापाहानाउमोकुआकेआ ह्या संरक्षित सागरी प्रदेशात, परवान्याशिवाय कोणी जाऊ शकत नाही अशा मनावाई प्रवाळबेटावर 2016 मध्ये एक लाल शेवाळ थोडंसं दिसलं. 2019 पर्यंत त्याच्या जाड चटया प्रवाळांवर पसरल्या होत्या आणि खालचे प्रवाळ गुदमरत होते. बाहेरून आलेला कोणी उपद्रवी असणार, हा पहिला अंदाज. अक्षरं वाचली तर भांडारातल्या कोणाशीच जुळेनात. काप पाहिले तर अक्षाच्या पेशीभोवती पाच पेशींचं कडं. दिसायला जवळच्या लॉरेन्शिया वंशात ती चार असतात, म्हणजे हा काँड्रिया. मग काँड्रियाची नावं एकेक करून बाजूला सारायची. हवाईत हे जमलं ह्याचं मोठं श्रेय इझाबेला ॲबट ह्यांना. आई मूळची हवाईची, तिच्याकडून लहानपणी खायची शेवाळं ओळखायला शिकलेल्या ह्या बाईंनी 1999 मध्ये हवाईच्या लाल शेवाळांचा ग्रंथ लिहून ठेवला होता. यादी इतकी भरगच्च असली तरच 'यादीत नाही' ह्याला वजन येतं. 2020 मध्ये ॲलिसन शेरवूड, जॉन ह्युझमन आणि सहकाऱ्यांनी त्याला काँड्रिया ट्युमुलोसा हे नाव दिलं. चटयांचे उंचवटे होतात म्हणून ट्युमुलोसा.

नवी प्रजाती म्हटल्यावर लोकांनी ती तिथलीच समजली तर नवल नाही. पण शास्त्राला नवी असणं आणि त्या जागेला नवी असणं ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ट्युमुलोसा तिथे पूर्वापार नगण्य पडून होती आणि अचानक माजली, की दुसऱ्या कुठल्या समुद्रातून आली, हे नावाने सुटलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर तीच अक्षरं मिळाली तर मूळ घर कळेल, आणि त्या किनाऱ्याच्या एखाद्या जुन्या कागदावर तिचं आधीचं नाव निघालं तर ट्युमुलोसा हे नाव रद्दही होईल. दरम्यान ते वापरात आहे. मनावाईला जाणाऱ्या पाणबुड्यांची साधनं आणि होड्या तिथून निघताना धुवून घेतात, म्हणजे तुकडा चिकटून पुढच्या बेटावर जाऊ नये. तरीही 2021 मध्ये त्याच प्रदेशातल्या मिडवे बेटाच्या प्रवाळांवर तसंच शेवाळ दिसलं. या वेळी हिप्नियासारखी 61 काय, एकही नाव बाजूला सारावं लागलं नाही. नमुना थेट 2020च्या वर्णनाशी आणि अक्षरांशी ताडला आणि मिडवेचं नाव यादीत चढलं.